प्रश्न तुमचे : चांदीची जुनी प्रूफ नाणी, खरी कशी ओळखायची आणि किंमत कशी काढायची

चांदीच्या प्रूफ नाण्यांवर, म्हणजे खास पद्धतीने पाडलेल्या, बहुतेकदा आरशासारख्या चमकणाऱ्या नाण्यांवर, इतके प्रश्न येऊन पडलेत की या अंकातली सगळी जागा त्यांनाच दिलीय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते छोटे केलेत आणि सगळ्यांची नावं काढून टाकलीत.

प्रश्न : सर, आजोबांच्या कपाटात १९५१ सालचं ब्रिटिश क्राउन, म्हणजे पाच शिलिंगचं नाणं, सापडलं. मोठं, जाड, पुठ्ठ्याच्या मूळ डबीत, अगदी आरशासारखं चमकतंय. एवढं जुनं आणि डबीसकट आहे म्हणजे चांदीचं दुर्मिळ प्रूफच ना? किती येतील?

ते चांदीचं नाहीये. ऐकून वाईट वाटेल पण आधी हेच सांगतो, कारण याच नाण्याबद्दल सगळ्यात जास्त लोक विचारतात. ब्रिटनच्या चांदीच्या नाण्यांत १९२० पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती, मग ती ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ पासून चलनातल्या नाण्यांतून चांदी पार काढूनच टाकली, तिच्या जागी तांबं-निकेल आलं. तुमचं क्राउन 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' प्रदर्शनाच्या वेळचं आहे, सुमारे २० लाख पाडली गेली, आणि ती मुळातच इतकी छान फिनिश करून दिली होती की आज ७० हून जास्त वर्षांनंतरही लोकांना चांदीचं प्रूफ वाटतं. १९५३ च्या राज्याभिषेकाच्या क्राउनचंही तेच, तांबं-निकेल.

म्हणून कुठलंही नाणं हातात आलं की पहिला प्रश्न धातूचा. देश, साल आणि दर्शनी किंमत बघायची आणि कॅटलॉगमध्ये त्या सालाला त्या देशात कुठला धातू होता ते शोधायचं, पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते न करता थेट "किती येतील" वर जातात.

या मालिकेतलं चांदीचं प्रूफ क्राउन हवं असेल तर १९२७ चं 'रीथ क्राउन' बघा. त्या साली हे क्राउन फक्त प्रूफ म्हणूनच निघालं, १५,०३० नाणी. गंमत म्हणजे त्यात चांदी निम्मीच आहे, तरी मागणी भरपूर. आणि संग्राहकांच्या स्वप्नातलं क्राउन म्हणाल तर १८४७ चं 'गॉथिक क्राउन', कोरीवकार विल्यम वायनचं काम, ८,००० नग. व्हिक्टोरिया राणीची वेणी, झग्यावरची नक्षी, गॉथिक अक्षरांत रोमन आकड्यांनी लिहिलेलं साल, भिंगाखाली धरलं की नजर हलत नाही. चांदीवर याहून सुंदर कोरीवकाम मला तरी माहीत नाही.

तुमचं क्राउन विकू नका, डबीसकट ठेवा. आजोबांनी जपलेलं आहे.

प्रश्न : प्रूफ म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे एक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, आहे, तोंड दिसतं इतका चकचकीत. विकणारा म्हणाला प्रूफ आहे. कसं ओळखायचं?

प्रूफ ही नाण्याची अवस्था नसते, बनवायची पद्धत असते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. प्रूफसाठी साचा खास पॉलिश करतात, कोरी चकतीही वेगळी तयार करतात, आणि जास्त दाबाने, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त ठोके देऊन नाणं पाडतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी होते आणि अक्षरं, केसांच्या बटा, पिसं, सगळं शेवटच्या रेषेपर्यंत उठतं. असं नाणं कोणी चुकून खर्चून टाकलं, खिशात वर्षभर फिरलं, झिजलं, तरी ते प्रूफच राहतं, फक्त 'खराब झालेलं प्रूफ' म्हणतात. आणि उलट साधं नाणं कितीही चमकलं तरी प्रूफ होत नाही.

आता मॉर्गनचं. नवा किंवा नुकताच पॉलिश केलेला साचा मशीनवर चढवला की पहिली काही साधी नाणीही आरशासारखीच निघतात, त्यांना 'प्रूफलाइक' म्हणतात, मॉर्गनमध्ये ती बऱ्यापैकी मिळतात आणि त्यांनाही स्वतःची चांगली किंमत आहे, पण ती प्रूफ नाहीत. फरक मधल्या चमकेत शोधत बसू नका, कडेला शोधा. नाणं कडेने धरा, एकाच दिव्याखाली हळूहळू कलवा, दहापट भिंग लावा. प्रूफची वरची किनार सपाट आणि जवळजवळ काटकोनात उभी असते, साध्या नाण्याची जरा गोलसर. किनारीच्या आतले बारीक दाते प्रूफवर सुटे सुटे, स्वच्छ दिसतात. मग गरुडाच्या छातीवरची पिसं आणि पुढच्या बाजूवरच्या लिबर्टीच्या (त्या स्त्रीच्या चेहऱ्याच्या) कानावरचे केस बघा, तिथे ठोका कमी पडला असेल तर भाग सपाट, पुसट दिसतो आणि प्रूफवर असं सहसा होत नाही. पिशवीत एकमेकांवर आपटून आलेल्या खोचा गालावर असतील तर ते बहुधा चलनासाठीच पाडलेलं नाणं, कारण प्रूफ पिशवीत भरून पाठवत नसत.

साल १८९५ असेल तर मात्र थांबा, घाई करू नका. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या नोंदीत त्या वर्षी १२,००० साधी नाणी आणि ८८० प्रूफ लिहिलीत, पण त्या १२,००० पैकी एकही खात्रीचं नाणं आजवर समोर आलेलं नाही, म्हणून १८९५ फिलाडेल्फिया म्हटलं की लोक प्रूफच धरतात आणि त्याची किंमत प्रचंड. त्यामुळेच त्यात फसवणूकही खूप. त्याच साली न्यू ऑर्लिन्सला आणि सॅन फ्रान्सिस्कोलाही डॉलर पाडले, त्यांच्या मागच्या बाजूला पुष्पहाराच्या गाठीखाली 'ओ' किंवा 'एस' असं बारीक अक्षर असतं, ते खरवडून काढतात आणि फिलाडेल्फियाचं म्हणून विकतात. नेमक्या त्या जागेवर दिवा तिरका मारून बघा, आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा तेवढाच ठिपका वेगळा दिसला, खरखरीत किंवा उगाच गुळगुळीत, तर व्यवहार तिथेच सोडून द्या.

अजून एक. सगळीच प्रूफ आरशासारखी नसतात. ब्रिटनची १९०२ ची राज्याभिषेकाची प्रूफ नाणी मॅट आहेत, पूर्ण धुरकट, चमक नाहीच. माहीत नसलेला माणूस ती "काळवंडलेली" म्हणून बाजूला टाकतो नाहीतर चमकवायला घेतो, आणि दोन्हीत नुकसान.

प्रश्न : दादा, जुना चांदीचा प्रूफ सेट होता, काळसर झालेला. टूथपेस्ट आणि मऊ कापडाने हलकेच पुसला. आता चमकतोय पण दाखवला तर कोणी मोडीच्या पलीकडे भाव देईना. एवढं काय बिघडलं?

पृष्ठभाग गेला. प्रूफमध्ये पैसे पृष्ठभागाचेच असतात, चांदी तर दुय्यम. आरशासारख्या भागावर कितीही मऊ कापड फिरवलं तरी केसासारखे बारीक ओरखडे उठतात, सरळ बघितलं तर दिसत नाहीत पण दिव्याखाली कलवलं की जाळं चमकतं, आणि जाणकार पहिलं तेच बघतो. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, खायच्या सोड्याचंही तेच, चांदीच्या भांड्यांच्या पॉलिशचंही तेच. साध्या नाण्यावर एखादा ओरखडा खपून जातो, प्रूफवर लपायला जागाच नाही.

आता जे झालं ते मागे येणार नाही आणि कोणी "दुरुस्त करून देतो" म्हणालं तर देऊ नका, आणखी खराब होईल. उरलेल्या नाण्यांना हात लावू नका एवढंच.

काळेपणाबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. हवेतलं, पुठ्ठ्यातलं, जुन्या कागदी पाकिटातलं गंधक चांदीशी मिळून वर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. थर पातळ असताना त्यावर सोनेरी, जांभळे, निळे रंग दिसतात, जाड झाला की काळा. सावकाश, एकसारखा आलेला रंगीत थर असलेलं नाणं काही संग्राहक जास्त पैसे मोजून घेतात, कारण तो थर सांगतो की नाण्याला कोणी छेडलेलं नाही. बुडवून साफ करायची आम्लाची द्रावणं मिळतात, त्यात थर जातो खरा पण सोबत चांदीचा वरचा पापुद्राही जातो, दोनतीनदा बुडवलं की आरसा मेलेला दिसतो. मी कोणालाच ते घरी करायला सांगत नाही.

हिरवट चिकट थर असेल तर गोष्ट वेगळी. तो मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून येतो आणि तसाच ठेवला तर नाणं खातो. तिथे शुद्ध अॅसिटोन चालतं, ते चांदीशी काही करत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नाही हं, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. काचेच्या वाटीत, खिडक्या उघड्या ठेवून, आसपास ज्योत नाही बघून, नाणं बुडवून ठेवायचं, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये, आणि काढून आपोआप वाळू द्यायचं. कुठेही घासायचं नाही, पुसायचंही नाही.

ठेवताना कडक कॅप्सूल किंवा पीव्हीसी नसलेलं पाकीट, सोबत सिलिका जेल, कोरडी जागा, आणि धरताना फक्त कडेने. नाण्यावर वाकून बोलू नका, थुंकीचा एक बारीक थेंब काही वर्षांनी काळा ठिपका होऊन उभा राहतो.

प्रश्न : किंमत काढायची कशी? एकाच नाण्याची एक साइट एक किंमत सांगते, दुसरी तिच्या दहापट. नेमका कशावर विश्वास ठेवायचा?

विकायला लावलेल्या किमतीवर तर अजिबात नाही. मागायला काय, कोणी काहीही मागेल. बघायची ती झालेल्या व्यवहाराची किंमत, म्हणजे लिलावघरांचे जुने निकाल. मोठ्या लिलावघरांचे निकाल फोटोसकट बघता येतात, तुमच्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, तशाच अवस्थेतलं नाणं गेल्या दोनतीन वर्षांत कितीला गेलं ते चारपाच निकाल काढा आणि सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा. एक लक्षात ठेवा, घेणारा हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे लिलावात शेवटच्या बोलीवर, वेगळं प्रीमियम भरतो, बऱ्याच ठिकाणी २० टक्क्यांच्या आसपास, आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन कापलं जाऊ शकतं. निकालात छापलेला आकडा बहुतेकदा प्रीमियम धरून असतो, तो तुमच्या हातात येत नाही.

त्याआधी तळ काढून ठेवा. वजन गुणिले शुद्धता. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, ९० टक्के, म्हणजे २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी. जागतिक भाव ट्रॉय औंसमध्ये असतो आणि तो ३१.१०३५ ग्रॅमचा, नेहमीचा २८.३५ चा नाही, इथे लोक जवळजवळ १० टक्क्यांची चूक करून बसतात. मॉर्गनमध्ये ०.७७३४ ट्रॉय औंस निघते. याच्या खाली नाणं द्यायचं नाही, एवढाच त्या आकड्याचा उपयोग. वरचे सगळे पैसे दुर्मिळपणाचे, पृष्ठभागाचे आणि मागणीचे.

दुर्मिळपणा म्हणजे किती पाडली हा आकडा नव्हे, किती उरली हा. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली होती तेव्हा जगभर चांदीची नाणी पोत्यांनी वितळवली गेली, त्यात प्रूफ सेटही गेले, आणि कुठल्या सालाची किती गेली याचा कोणी हिशोब ठेवलेला नाही. आणि नुसती कमी पाडली म्हणूनही महाग होत नाही, मागायला माणसं लागतात. १९९५ चं अमेरिकन सिल्व्हर ईगल हे चांदीचं नाणं, वेस्ट पॉइंट टांकसाळीचं, 'डब्ल्यू' खूण असलेलं प्रूफ, ३०,१२५ नगच आहेत आणि ते सुटं विकलंच नव्हतं, दहाव्या वर्धापनाच्या सोन्याच्या महागड्या सेटसोबतच मिळायचं. आता ईगलची मालिका जमवणारे असंख्य, प्रत्येकाला तो एक खड्डा भरायचाच आहे, म्हणून भाव चढलेला. तेवढीच किंवा त्याहून कमी पाडलेली पण कोणी मालिका म्हणून जमवत नाही अशी कितीतरी स्मारक नाणी चांदीच्या भावाच्या जरा वर पडून असतात.

याउलट, अमेरिकेचे १९६४ चे प्रूफ सेट जवळपास ३९.५ लाख आहेत, स्वस्त आणि सहज मिळणारे. पण त्या काळात साच्यावरचा धुरकटपणा काही ठोक्यांतच झिजायचा, म्हणून ज्यात चेहरा बर्फासारखा पांढरा आणि त्याभोवतीची मोकळी जागा काळाभोर आरसा दिसते, दोन्ही बाजूंना, अशी नाणी मोजकीच. त्याला 'डीप कॅमिओ' म्हणतात. १९५० ते १९६४ च्या सेटमध्ये असं नाणं निघालं तर किंमत साध्या भावाच्या कितीतरी पट होते. पुढे साच्यांची प्रक्रिया सुधारली आणि १९७० च्या दशकाच्या शेवटापासून जवळजवळ सगळीच प्रूफ कॅमिओ निघायला लागली, त्यामुळे १९९० च्या सेटवर "कॅमिओ आहे हो" म्हणून जास्त पैसे देऊ नका. नवशिक्याला मी नेहमी सांगतो की स्वस्तातले १९५० ते १९६४ चे सेट एकेक करून दिव्याखाली बघत जा, याहून चांगली शाळा नाही.

प्रश्न : ग्रेडिंग करून घेऊ का? ६९ आणि ७० मध्ये एवढा फरक का?

ग्रेडिंग म्हणजे कंपनीकडून नाणं तपासून त्याच्या अवस्थेला गुण घेणं, आणि ते नाण्याची किंमत फीच्या बरीच वर असेल तरच. पीसीजीएस १९८६ ची आणि एनजीसी १९८७ ची, या दोन्ही ग्रेडिंग कंपन्या ७० च्या मोजपट्टीवर गुण देतात, प्रूफसाठी ६० ते ७० ही चांगली बाजू, ६० च्या खाली म्हणजे वापरलेलं किंवा बिघडलेलं. आधुनिक नाण्यांत ६९ आणि ७० मधला फरक साध्या डोळ्यांना दिसतच नाही आणि ७० चे पैसे मोजणारे लोक खरं तर लेबल घेतात. जुन्या चांदीत मात्र ६४ आणि ६६ मध्ये खरा, दिसणारा फरक असतो, तिथे ग्रेडिंगला अर्थ आहे. आणि स्लॅबही, म्हणजे कंपनीने नाणं बंद करून दिलेली लेबलवाली प्लास्टिकची डबी, नकली मिळतात. कंपनीच्या साइटवर नंबर टाका, तिथे फोटो असेल तर तो आणि हातातलं नाणं शेजारी ठेवून एखादा डाग किंवा रंगाची कड जुळते का बघा, नुसता नंबर जुळणं पुरेसं नाही कारण खऱ्या नंबरचंच लेबल छापलेलं असू शकतं.

प्रश्न : ब्रिटिश इंडियाचा व्हिक्टोरिया रुपया, प्रूफ म्हणून घेतला. आता एक जण म्हणतो रीस्ट्राइक आहे. म्हणजे नकली का?

नकली नाही, पण ज्या भावाने घेतला असाल त्या लायकीचा नसेल. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी जुन्या साच्यांवरून संग्राहकांसाठी नंतर पुन्हा नाणी पाडली, नाण्यावर साल जुनं पण पाडलं कितीतरी वर्षांनी. आज बाजारात "प्रूफ रुपया" म्हणून फिरणारे पुष्कळ नग हेच आहेत, आणि चांगले कॅटलॉग मूळ प्रूफ आणि रीस्ट्राइक वेगवेगळे दाखवतात. पडून राहिलेला साचा गंजतो, त्या गंजाचे खड्डे नाण्यावर बारीक उंच पुरळासारखे उठतात, आरशाच्या मोकळ्या भागात भिंगाने शोधा. कधी पुढचा साचा एका सालाचा आणि मागचा दुसऱ्याच काळाचा अशी जोडी सापडते. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ९१.७ टक्के असायला हवी, ते जुळलं म्हणून मूळ ठरत नाही पण बरंच चुकलं तर प्रश्नच मिटतो. बिलावर विकणाऱ्याने "मूळ प्रूफ" असं लिहून दिलं असेल तर परत द्यायचा हक्क मागा, नुसतं "प्रूफ" लिहिलं असेल तर अवघड आहे. पुढच्या वेळी 'मूळ' की 'रीस्ट्राइक' हे लेखी घ्या.

स्वतंत्र भारताची चांदीची प्रूफ त्या मानाने सोपी. १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं घ्या, १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. साधी नाणीही निघाली आणि प्रूफही, मुंबईच्या प्रूफवर 'बी' अक्षर असतं. आधी तेच बघा.

प्रश्न : पनामाची २० बाल्बोआची भलीमोठी चांदीची नाणी आणि माँट्रियल ऑलिंपिकचा कॅनडाचा सेट, लाकडी पेटीसकट. मोडीत द्यायला सांगतायत. देऊ?

पनामाचं १२९.५९ ग्रॅमचं, ९२.५ टक्के, म्हणजे एकेका नाण्यात जवळजवळ १२० ग्रॅम शुद्ध चांदी. ऑलिंपिकची १९७३ ते १९७६ ची २८ नाणी, तीही ९२.५ टक्के. दोन्ही भरपूर पाडली गेली, संग्राहकांचा प्रीमियम थोडाच मिळतो, तेव्हा चांदीच्या भावाच्या आसपासची बोली म्हणजे फसवणूक नाही. फक्त पनामाच्या मालिकेत सगळी सालं सारखी नाहीत, नंतरच्या काही सालांचे नग बरेच कमी आहेत, म्हणून प्रत्येकाचं साल वेगळं लिहून काढा आणि लिलावाचे निकाल बघूनच वेगळी करा. पेटी आणि कागद नाण्यांसोबतच द्या. आणि तोलताना कॅप्सूलचं वजन धरलं जात नाही ना आणि शुद्धता ९२.५ धरलीय ना, दोन्ही समोर उभं राहून बघा.